कोंबडीची हाक

सर अंडं खात नसत. शाकाहारी होते म्हणून नव्हे. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून, घामाघूम होत, नाक पुसत जेवताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. पण कुणी उकडलेलं अंडं पुढे केलं की ताट मागे सरकवत आणि म्हणत, "नाही बावा. त्याईच्यासंगं आपले हापिसचे संबंध आहेत."

संबंध होतेच. सत्तरच्या दशकात नागपुरात जनावरांच्या रोगांवर शिकवणाऱ्या एका विभागात सर विषाणूंचे मास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली अध्यापिका. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात, आणि आमच्यासारख्या गरीब विभागाला परवडेल असं जिवंत पेशींचं घर म्हणजे उबवणीला ठेवलेलं अंडं. कवचाला बारीक भोक पाडायचं, सुईनं विषाणू आत सोडायचा, भोक मेणानं बुजवायचं आणि अंधाऱ्या खोलीत रोज अंड्यामागे दिवा धरून बघायचं. आतल्या पिल्लाच्या लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते जगतंय, शिरा विरून गेल्या की संपलं. आमचा दिवा म्हणजे डालड्याच्या डब्यात बसवलेला बल्ब होता. सर अंडं त्याच्यासमोर धरत तेव्हा एखाद्या बाळाला झोपेतून न उठवता बघावं तसे श्वास रोखून बघत. पिल्लू मेलेलं दिसलं की हळूच "बरं गा, जाय," म्हणत आणि अंडं वेगळ्या ट्रेमध्ये ठेवत. विद्यार्थी हसायचे. मीही आधी हसले, पुढे पुढे मलाही त्या ट्रेकडे बघवेना.

आमचं मुख्य काम कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर चाले. त्याच्यासाठी लस न टोचलेल्या कोंबड्यांचीच अंडी हवी असत, कारण टोचलेल्या कोंबडीच्या अंड्यात आईकडून आलेलं संरक्षण असतं आणि विषाणू नीट वाढत नाही. म्हणून सर सायकलवरून वस्त्यावस्त्यांतून फिरत. दारात कोंबडी दिसली की उतरत आणि घरच्या बाईला विचारत, "कोंबडी टोचली का वं?" बाईनं सरकारी माणूस बघून घाबरत "हाव जी, टोचली" म्हटलं की सरांचा चेहरा पडे. "नाही जी" म्हटलं की उजळे. अंडी रोख पैसे देऊन विकत घेत, आणि ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळून झाली की त्याच बाईला रागावत, "पण काहून नाही टोचली? मानमोडी आली म्हंजे मंग?" मग पिशवीतून लस काढून तिच्या सगळ्या कोंबड्या तिथल्या तिथे टोचून देत. अशा रीतीनं आपल्याच कामाचा कच्चा माल ते स्वतःच्या हातानं संपवत चालले होते आणि त्यांची सायकल दर वर्षी थोडी थोडी लांब जाऊ लागली होती. शेवटी शेवटी हिंगण्याच्या पलीकडे. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला ते उतरत, त्यामुळे सायकल चालवण्यापेक्षा सायकलीच्या सोबतीनं चालणंच जास्त होई.

मी त्यांची भाडेकरू कशी झाले तेही सांगते. नोकरी लागल्यावर आई आणि मी शहरात खोली शोधत होतो. खोल्या होत्या, पण घरमालक आडवळणानं "तुम्ही मूळचे कोण?" इथवर आले की खोली आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिलेली निघे. एक दिवस व्हरांड्यात सर म्हणाले, "माह्याकडे अर्धं घर रिकामं आहे, नंदनवन वस्तीत. उंदरं आहेत. चालतीन का?" आम्ही सामान घेऊन गेलो तेव्हा आई उंबऱ्यापाशी थबकली. मागाहून कटकट नको म्हणून तिनं स्वच्छ सांगून टाकलं, "सर, आमी बौद्ध आहो. सकाळी आमच्या घरी वंदना होते." सरांनी मान डोलावली. "बरं. अन् सकाळी म्हंजे किती सकाळी? इथं नळ पहाटे येते. तुमची झोप सावध आहे का?" आई तोंडाला पदर लावून हसली आणि आत गेली. तेव्हापासून ती सरांचा शब्द खाली पडू देईना.

नळाचं प्रकरण महत्त्वाचं होतं. त्या ओळीतली घरं एकमेकांना पाठ लावून उभी होती. पहाटे नळ कधी येईल याचा नेम नसे, आणि आला तरी थोडाच वेळ टिके. मग ज्याच्या नळाची गुरगुर आधी सुरू होई त्यानं पितळी गिलासानं शेजारच्या भिंतीवर ठोकायचं, शेजाऱ्यानं पुढच्या भिंतीवर ठोकायचं, अशी ती टणटण ओळीच्या टोकापर्यंत जाई. बहुतेक वेळा पहिला गिलास काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा असे. त्यांची खाट आमच्या सामाईक भिंतीला लागून होती. अंगानं बारीक, आवाजानं दणकट, आणि सरांची थट्टा करायला चोवीस तास तयार. मूलबाळ नव्हतं. सर घरी आले की दिवसभराचं सगळं काम काकूंना सांगत सुटत, पेशी म्हणजे काय, विषाणू कसा शिरतो, सगळं. काकू तांदूळ निवडत म्हणत, "अजी, ऐकून राहिली मी. पण आधी सांगा, भाजीवाल्याकडून सांबार आणला का?" कोथिंबीर आणलेली नसेच. मला वाटे, ह्या बाईच्या कानापर्यंत यातलं काही पोचत नसावं.

वर्गात सरांनी इंटरफेरॉन शिकवलं ते याच भिंतीवरून. टेबलावर डस्टर ठोकत म्हणाले, "हे पाहा पोट्टेहो. पेशी म्हंजे आमची ओळ. विषाणू म्हंजे चोर. पण मोठा गरीब चोर गा, त्याच्याकडे सोताची चूल नाही. दुसऱ्याच्या घरात घुसून दुसऱ्याच्या चुलीवर आपलं शिजवते. ज्या घरात शिरला ते घर तर गेलं. पण जाता जाता ते घर भिंत वाजवते. एक प्रथिन बनवते, तेच इंटरफेरॉन, अन् बाहेर टाकते. शेजाऱ्याले ऐकू जाते. मंग शेजारी काय करते? चोराशी भांडत नाही. आपली चूल विझवून ठेवते. त्याच्यासाठीही आत नवीन प्रथिनं बनतात. चोर येते, पाहते, चूल थंडी. बसते उपाशी." पोरं हसली. सर हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण मले एक समजत नाही. त्या पहिल्या घरात चोर आला हे पहिले कळते कोणाले? आत कोणीतरी जागं असन ना. कोण बसलं असन तठी?"

हा त्यांचा प्रश्न मी पुढे इतक्यांदा ऐकला की सर जेवताना मध्येच घास हातात धरून थांबले की मी ओळखायची, आता "तठी कोण बसलं असन" येणार. आज मी निवृत्त आहे, आणि ते जागे राहणारे पेशीच्या आत सापडलेत. तीही प्रथिनंच आहेत. विषाणूचा परका धागा दिसला की त्याला धरतात, पुढच्या प्रथिनाला हलवतात, ते त्याच्या पुढच्याला, आणि असं होत होत भिंत वाजते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उगाच उभी राहिले. सांगायला सर नव्हते.

या इंटरफेरॉनच्या नादी सर लागले ते काटोलच्या बसमुळे. काकूंचा भाऊ काटोलला संत्र्यांचा व्यापारी होता. त्याच्या गावाकडे कोंबड्यांना लस टोचायला सर मे महिन्यात गेले आणि परत येताना बस रस्त्यात बंद पडली. बर्फाच्या डब्यातला बर्फ वितळला. जागा नव्हती म्हणून डबा ड्रायव्हरशेजारी इंजिनावर ठेवलेला. नागपूरकडचा मे आणि वर इंजिन. आतली उरलेली लस, म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू, मेली असणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण सरांना काही टाकून देववत नसे. "मेली का जित्ती, पाहून तर घेऊ," म्हणून त्यांनी ती अंड्यांत टोचली. पिल्लांना काही झालं नाही, म्हणजे लस खरंच मेलेली. आता उन्हाळ्यात अंडी मिळायची मारामार. दुसऱ्या एका तपासणीसाठी जालीम, जिवंत विषाणू टोचायचा होता, तर सरांनी काटकसर म्हणून तीच अंडी पुन्हा वापरली. कुठल्याही शहाण्या प्रयोगशाळेत असं करत नाहीत. पिल्लं पटापट मरायला हवी होती. रोज आम्ही दिव्यासमोर अंडी धरायचो आणि रोज लाल शिरा जशाच्या तशा. आमचे विभागप्रमुख वैतागले, म्हणाले फेका ते सगळं आणि नीट काम करा. सर अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते अंडं छातीशी धरून. डोळे पाणावलेले. "फेकता काहून साहेब? याईनं ऐकलं. मेलेला चोर पाहून भिंत वाजवली याईनं. चुली विझवून बसले हे!"

परदेशात हे आधीच सापडलेलं होतं, सरांनाही ते माहीत होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्या डालड्याच्या डब्यासमोर बघणं वेगळं. त्यानंतर कितीतरी वर्षं ते त्या अंड्यांमधलं पाणी काढत, आतला विषाणू पुरता मारत, त्यातल्या त्यात शुद्ध करत आणि बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवत. ते पाणी नव्या अंड्याला दिलं की तेही विषाणूला दाद देईना. विभागात त्याला "सरांचं तीर्थ" म्हणत. सर रागावत नसत. फ्रीज उघडताना मात्र इकडेतिकडे बघत, कुणी तीर्थ सांडू नये म्हणून.

मग सत्तरचं दशक संपता संपता वर्तमानपत्रांत एकाएकी इंटरफेरॉनचं नाव यायला लागलं. कॅन्सरवर आता हेच औषध, अशा थाटात. सरांचं तीर्थ प्रसिद्धीला आलं. ओळखीतले, बिनओळखीचे लोक नंदनवनात विचारत येऊ लागले. कुणाची आई, कुणाचा भाऊ. सर प्रत्येकाला बसवत, पाणी देत आणि हात जोडत. "माह्याकडे आहे ते कोंबडीचं आहे जी. कोंबडीची हाक कोंबडीलेच ऐकू येते. माणसाले माणसाचीच लागते. तुमच्यापासून लपवून राहिलो असं समजू नका." लोक तसंच समजत. माणसं गेल्यावर सर बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत.

आणि मग कळलं की काकूंच्या छातीत गाठ आहे.

कळलं म्हणजे आम्हाला कळलं. काकूंना वर्षभरापासून माहीत होतं. आंघोळ करताना हाताला लागली होती. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही, भिंतीपलीकडच्या माझ्या आईलाही नाही. दुखायला लागल्यावर आईनंच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, पसरलंय. त्या संध्याकाळी आमच्याकडे भिंतीतून सगळं ऐकू येत होतं आणि आम्हाला कान कुठे लपवावेत कळत नव्हतं.

"हाक काहून नाही मारली?" सर एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. "मले काहून नाही सांगतलं वं?"

काकूंचा आवाज नेहमीसारखाच दणकट होता. "तुमची अंडी उबवणीले लागली होती ना. मंग उन्हाळा आला. मंग तुमचे ते पेपर आले तपासाले. म्हटलं, होऊन जाऊ द्या एकदाचं."

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले, अंधाऱ्या खोलीत गेले आणि दिवा न लावता बसून राहिले. मी आत गेले तर म्हणाले, "पेशीत पहिले कळते कोणाले, हे शोधून राहिलो मी इतके वर्षं. अन् माह्या घरात..."  मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता, पण ते सर होते. 

काटोलहून काकूंचा भाऊ आला. रडून रडून डोळे सुजलेले, आणि दुःखापेक्षा राग जास्त. इंटरफेरॉनची बातमी छापलेला पेपर त्याच्या खिशातच होता. आम्ही सगळे काकूंच्या खाटेभोवती होतो, त्यानं सर्वांसमोर पेपर सरांपुढे आपटला. "सारी दुनिया म्हणून राहिली हे औषध आहे. तुमच्या फ्रीजमंधी बाटल्या पडल्या आहेत जवाई, अन् माही बहीण इथं मरून राहिली! कोंबड्याईले देता, तिले द्यायले काय होते तुमाले?"  सर उठून सायकल काढून गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात थर्मास होता. झाकण उघडून त्यांनी बर्फातून बाटली काढली, सुई काढली. शेकडो लोकांना ज्या माणसानं हात जोडून परत पाठवलं होतं तो आता स्वतःच्या बायकोच्या खाटेशी गुडघ्यावर बसला होता. उपयोग शून्य, उलट अंड्यातलं परकं काहीबाही अंगात जाऊन त्रासच व्हायचा, हे त्या खोलीत त्यांना आणि मला पुरतं ठाऊक होतं.  न टोचलं तर भाऊ जन्मभर म्हणणार, औषध असून दिलं नाही. टोचलं तर सर जन्मभर स्वतःला काय म्हणणार?

काकू हसल्या. खरंच हसल्या. "अजी, भैताड झाले का तुमी? कोंबडीची हाक मले कशी समजन? मी काय अंडं देते का?"

मग भावाकडे वळून म्हणाल्या, "याईच्यावर कावू नको रे दादा. थे पाणी कोंबडीचं आहे. माणसाच्या पेशीले थे कळतच नाही, आपल्या दारावर कोणी परक्या बोलीत ओरडलं असं होते. याईनं मले लगनापासून सांगतलं हे सारं. रोज सांगतलं. मले पाठ आहे." आणि पुन्हा सरांना, "जा, फ्रीजमंधी ठेवून या. अंड्याईच्या कामी येईन."

 रोज तांदूळ निवडता निवडता त्या बाईनं यांचा शब्द न् शब्द ऐकून ठेवला होता आणि सरांना ते त्या क्षणी कळत होतं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि काकूंच्या हातावर कपाळ टेकलं. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आईनं डोळ्याला पदर लावला. मीही रडले, लाज न बाळगता.

"अन् एक," काकू म्हणाल्या, "तो गिलास मले उशाशी द्या. आतापासून काही लागलं तर मी भिंत वाजवीन. तुमाले शब्द देते."

त्यांनी तो शब्द पाळला. सर कामावर गेलेले असत तेव्हा दुपारी भिंतीवर टणटण होई आणि आई हातातलं टाकून धावे. कधी पाणी हवं असे, कधी कूस बदलायची असे, कधी नुसतं आईनं येऊन बसावं असं वाटे. काकू म्हणत, "वाजवायची सवय करून राहिली मी, उशिरा का होईना." संध्याकाळी सर सायकल टाकून सरळ खाटेपाशी बसत आणि दिवसभराचं सगळं सांगत. आता मध्येच सांबाराचं कुणी विचारत नसे. पावसाळ्याच्या शेवटी वाजवणं क्षीण होत गेलं. मग गिलास उचलवेना, तेव्हा त्या नखानं भिंत खरवडत आणि आईला तेही ऐकू येई. दसऱ्याच्या आधी काकू गेल्या.

त्यानंतर सर गप्प झाले. नेमानं कामावर येत, अंडी उजेडाला धरत, पण मेलेल्या पिल्लाला "बरं गा, जाय" म्हणणं बंद झालं. "तठी कोण बसलं असन" बंद झालं. पहाटे नळ आला की आता आमच्याकडून भिंत वाजे. पलीकडे बादलीचा आवाज येई, एवढंच. उलट ठोका कधी येत नसे. आई डबा नेऊन देई, सर दारातच घेत, "कशाले तरास" म्हणत आणि दार लावत. आई मला म्हणे, "हा माणूस आतल्या आत मरून राहिला वं. अन् आपण नुसते पाहून राहिलो." मी तरी काय करणार होते? दार तर तेच लावत होते.

हिवाळ्यातल्या एका रविवारी, दुपारी, आई गॅसवर चहा टाकत होती. भिंतीवर टणटण झाली.

आई सवयीनं उठून दोन पावलं गेली. मग तिला आठवलं, आणि ती तिथेच खाली बसली.  पुन्हा वाजलं. या वेळी हळू, वाजवणाऱ्याचीच खात्री नसल्यासारखं.

मी धावत पलीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सर काकूंच्या खाटेवर, भिंतीला टेकून बसले होते. हातात गिलास. नळाच्या तोटीखाली बादली कोरडी.

"सर, नळ आला का?"

"नाही वं पोरी. नळ नाही आला."

"मग? बरं नाही वाटत का?"

"बरं आहे." त्यांनी गिलास दोन्ही हातांत फिरवला. "काही झालं नाही. नुसती हाक मारून पाहिली. म्हटलं, ऐकू जाते का."

माझ्यामागून आई आली. तिच्या हातात कपबशी होती, बशीत चहा सांडलेला, पळत आली होती.

"गेली ना जी ऐकू," आई म्हणाली. "चहा टाकून राहिली होती, म्हणून उशीर झाला."